चुळबूळ

खर्रर्र, टक्.

दुपारच्या अडीचची शांतता त्या आवाजाने मोडली. पोलादी टेप सोडली की आपल्या डबीत अशीच पळत जाते. जाई झोपली असं समजून मी अर्धा तास चोरला होता आणि लॅपटॉप उघडून बसले होते. ती झोपली नव्हती. माझ्या ऑफिसच्या पिशवीतून टेप काढून ती बाहेरच्या खोलीत तिच्या आबांची, म्हणजे दादांची, उंची मोजत होती, ते कॉटवर पडलेले असतानाच.

"एक, आठ, सात," ती म्हणाली. पाच वर्षांची आहे, आकडे अजून सुटे सुटे वाचते.

"परत बघ," दादा म्हणाले. "मी एकशे नव्वद आहे. सहा फूट तीन इंच."

"नाही आबा, सातच आहे."

"मग वरचे तीन गाडीत सांडले असतील."

तिला ते पटलं. तिने कॉटखाली वाकून एकदा बघूनही घेतलं.

दादा म्हणजे माझे वडील, निवृत्ती घोलप. जाईचे आबा. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, त्यातली शेवटची अठरा एकाच शेठजींकडे. बारा दिवसांपूर्वी त्यांचा डावा खुबा बदलला. आई जाऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे दवाखान्यातून ते सरळ माझ्याकडेच आले. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवून छताकडे बघत पडून असतात. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "या वयात थोडी झीज असतेच. पण दोन वर्षांत एवढी कशी झाली? सारखे कुठे अडकून बसायचे का हे?"

कुठे, ते मला माहीत होतं. ती जागा मीच बनवली होती.

लॅपटॉपवर कंपनीचा दोष-निवेदनाचा अर्ज उघडा होता. सतरा रकाने. सोळा भरून चार दिवस झाले होते. नववा रिकामा होता: 'नमुना-व्यक्तीशी आपले नाते'. चार वर्षांपूर्वी अशाच एका अर्जात, याच रकान्यात, मी एक शब्द लिहिला होता. 'परिचित'.

*

मी लहान असताना दादा घरी आले की आधी दारात थांबायचे. चपला काढायचे, दोन्ही हात चौकटीच्या वरच्या लाकडाला लावायचे आणि हळूहळू ताठ व्हायचे. मान, पाठ, कंबर, गुडघे, अशी एकेक घडी उलगडायची. प्रत्येक घडीचा कडकन आवाज व्हायचा. मी आणि आई मोजायचो. "आज नऊ," आई म्हणायची. "शेठ लांब गेले होते वाटतं."

मोठ्या गाडीतली जागा मागे असते. पुढे बसणाऱ्याच्या गुडघ्यांचा विचार गाडीचा आराखडा काढणाऱ्याने केलेला नसतो, कारण गाडी विकत घेणारा तिथे बसत नाही. दादांची सीट मागे घेतली की शेठजींचे पाय अडायचे. म्हणून ती मागे जायची नाही. लोकांना वाटलं होतं, गाड्या स्वतः चालायला लागल्या की हे संपेल. गाड्या बऱ्याचशा स्वतः चालायला लागल्या, पण कायद्याला चाकापाशी एक जागता माणूस हवाच होता, आणि शेठलोकांना दार उघडायला कोणीतरी हवंच होतं. दादा तिथेच राहिले, तसेच घडी घालून.

इंजिनिअर झाल्यावर मी गाडीच्या आतल्या जागेचं काम मागून घेतलं. मुलाखतीत का म्हणून विचारलं, तेव्हा "आवड आहे" म्हणाले. वडील काय करतात विचारलं, तेव्हा म्हणाले, "ट्रान्सपोर्टमध्ये आहेत." ते खोटं नव्हतं.

आमच्या गाडीचं नाव 'विस्तार'. तिचं नवल तिच्या आतल्या अंगात होतं. काही प्लास्टिकं अशी असतात की वीज दिली की आखडतात आणि वीज काढली की सैल होतात, आपल्या दंडातल्या स्नायूसारखी. अशा पट्ट्यांचे थर आम्ही सीटखाली, पायाखालच्या तळात, छताच्या अस्तरात आणि पुढच्या-मागच्या सीटमधल्या पडद्यात घातले. त्यामुळे गाडीचा आतला आकार चालता चालता बदलायचा. मधला पडदा मागे सरकला की पुढच्याचे पाय मोकळे, पुढे सरकला की मागच्याचे. बाहेरचा पत्रा मात्र तेवढाच. एकाला दिलेली जागा दुसऱ्याकडूनच यायची.

ती द्यायची कोणाला, हे गाडी ठरवणार होती. आता गाडीला कसं कळावं, कोण अवघडलंय? आराम मोजायचं यंत्र अजून कोणी काढलेलं नाही. पण अवघडलेला माणूस हलतो. वजन या अंगावरून त्या अंगावर घेतो, पाय बदलतो, पाठ सोडवतो. सीटमधले चौदाशे बिंदू हे टिपत राहतात. कागदोपत्री त्याचं नाव 'अस्वस्थता अंक' होतं. प्रयोगशाळेत आम्ही सगळे चुळबूळच म्हणायचो. ज्याची चुळबूळ जास्त, त्याला जागा जास्त. ज्याची कमी, तो मजेत आहे असं धरून त्याच्याकडून थोडी काढून घ्यायची.

मला हे फार न्यायाचं वाटलं होतं. शेठ कोण आणि ड्रायव्हर कोण, हे गाडीला माहीतच नाही. तिला फक्त शरीरं माहीत. मी हे दादांसाठी करत होते. तसं कोणाला सांगितलं मात्र नव्हतं. दादांनाही नाही.

*

दोनशे बारा ड्रायव्हरांवर आम्ही चाचणी घेतली. त्यातला सगळ्यात उंच पाच फूट नऊ. आलेख तिथेच तुटायचा. सहा फूट तीनच्या टोकाला गणिताला एक खुंटी हवी होती, म्हणजे मधली रेघ ताणून बांधता आली असती.

"एवढा उंच ड्रायव्हर आणायचा कुठून?" पारसनीस सर म्हणाले. ते आमचे प्रमुख. "सर्कशीतून?"

"माझ्या ओळखीचे एक आहेत," मी म्हणाले.

तिथे दुसरं काही म्हणता आलं असतं. पण आदल्याच आठवड्यात, ड्रायव्हरांची एक तुकडी गेल्यावर सर म्हणाले होते, "सीटा स्पिरिटने पुसून घ्या रे. ही मंडळी कुठून कुठून येतात." सगळे हसले होते, आणि मीही हसले होते. एकदा हसून झाल्यावर 'माझे वडील' हे दोन शब्द तोंडातून निघेनात.

दादा आले ते पांढऱ्या गणवेशात, कडक इस्त्री करून. मी सांगितलं होतं, घरचे कपडे घाला. पण कंपनीत जायचं म्हणजे ड्युटी, हे त्यांच्या डोक्यात पक्कं.

सरांनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "वा. हे तर दोन ड्रायव्हर एकावर एक ठेवलेत."

सगळे हसले. दादाही हसले. मग सरांनी मला विचारलं, "तुझे कोण हे?"

"आमच्या भागातले आहेत," मी म्हणाले. "ओळखीचे."

दादांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. रस्त्यात पुढे खड्डा दिसला की ते जसं बघतात तसं बघितलं, आणि गाडी अलगद बाजूने काढली. "हो साहेब," ते म्हणाले. "मॅडमच्या ओळखीतला आहे मी."

पुढचे सहा आठवडे मी मॅडम होते. मॅडम, बसू का. मॅडम, आरसा थोडा खाली घेतला तर चालेल का. अनीशशी लग्न झाल्यावर माझं आडनाव देवस्थळी झालेलं, त्यामुळे कोणाला शंका यायचं कारण नव्हतं. संध्याकाळी मी त्यांना गेटवर गाडीत घ्यायचे नाही. पुढच्या चौकातल्या वडापावच्या गाडीपाशी थांबा म्हणायचे. ते थांबायचे. माझ्यासाठी एक बांधून घेतलेला असायचा, मिरची वेगळ्या कागदात.

चाचणीत मागच्या सीटवर माणूस हवा म्हणून सर स्वतः बसायचे, मांडीवर लॅपटॉप घेऊन. दर तीन-चार मिनिटांनी ते या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचे. पुढे दादा, तीन तास, आणि प्रयोगशाळेतल्या काचेपलीकडे स्क्रीनसमोर मी. मधला पडदा पुढे यायचा, दादांचे गुडघे वर यायचे, स्टिअरिंगला टेकायचे. स्क्रीनवर त्यांची रेघ सरळ. चुळबूळ शून्य.

"कमाल आहे," सर गाडीतून उतरून म्हणाले. "उंच माणसांना सवय असते बहुतेक. सोसायची ताकदच जास्त."

घरी टीव्ही बघताना दादा दहा मिनिटं एका जागी बसत नाहीत. एक पाय टीपॉयवर, मग तो खाली, मग उशी पाठीला, मग उशी बाजूला. आई म्हणायची, यांच्या अंगात भिंगरी आहे. हे मला माहीत होतं. आणखीही एक माहीत होतं. कॅमेऱ्यात त्यांचा डावा हात दिसत होता, मांडीवर ठेवलेला. मूठ वळलेली आणि अंगठा मुठीच्या आत. मी आठ वर्षांची असताना त्यांची दाढ काढली, तेव्हा सगळा वेळ तो हात तसाच होता. आईला नेलं तेव्हाही तसाच होता.

मी स्क्रीनवर ती मूठ बघितली. "सर, त्यांना दुखतंय," एवढंच म्हणायचं होतं. सर विचारणार, तुला कसं कळलं? त्याला माझ्याकडे एकच उत्तर होतं.

मी आकडा लिहून घेतला.

संध्याकाळी वडापाव खाता खाता मी विचारलं, "दुखत नाही ना, दादा?"

"छे गं. भारी आहे सीट तुमची."

तुमची, म्हणाले. मी काच खाली केली, मिरचीचा वास जावा म्हणून.

*

'विस्तार' बाजारात आली आणि गाजली. मागच्या सीटवर इतकी जागा दुसऱ्या कुठल्याच गाडीत नव्हती. मला चांदीची एवढीशी गाडी बक्षीस मिळाली. जाई तिच्यात मुंग्या बसवते. वर्षभराने शेठजींनीही 'विस्तार' घेतली. आता दादा ऐसपैस बसतील, असं मी स्वतःला सांगितलं. शेठजी माणूस वाईट नाही. गाडी आली त्या दिवशी म्हणाले म्हणे, "निवृत्ती, आता तुझीही चैन." आणि दादा म्हणाले, "हो शेठ."

गेल्या रविवारी यासीनभाई दादांना भेटायला आले. शेठलोकांच्या क्लबच्या पार्किंगमधले त्यांचे दोस्त, तेही 'विस्तार' चालवतात. चांगले पाच फूट अकरा. दाराची चौकट धरून, एक पाय ओढत आत आले.

"काय मामा, सुट्टी एन्जॉय?"

"ये यासीन. तुला काय झालं?"

"उजवा चाललाय म्हणतात. सध्या गोळ्यांवर आहे." ते खुर्चीच्या कडेवर जपून बसले. "आपल्या पार्किंगमध्ये विस्तारवाले आपण पाच उंच, पाचही लंगडतोय. बाकीची पोरं म्हणतात, निघाला उंटांचा तांडा."

दादा हसले, मग खुबा धरून थांबले.

"गाडीचा दोष नाही हां," यासीनभाई मला म्हणाले. मी चहा घेऊन आले होते. "गाडी एक नंबर. मामा सगळ्यांना सांगतात, माझ्या ओळखीच्या एका मॅडमनी बनवलीय. हुशार बाई आहे म्हणतात. ताई, तुम्ही बँकेत ना? मामा सांगतात, मुलगी बँकेत आहे."

दादा छताकडे बघत होते.

"साखर बरोबर आहे ना, भाई?" मी म्हणाले.

ज्या ठिकाणी मला कोणी ओळखत नव्हतं, जिथे माझं नाव सांगितल्याने माझं काही बिघडणार नव्हतं, तिथेही त्यांनी दोन वर्षं माझं खोटं सांभाळलं होतं. 'माझ्या मुलीने बनवली' एवढं म्हणायची त्यांची हौस किती असेल, ते मला ठाऊक आहे. माझा दहावीचा निकाल त्यांनी गाडीच्या सन-व्हायझरमध्ये चार वर्षं ठेवला होता.

त्या संध्याकाळी मी सगळ्या गाड्यांची माहिती उघडली. एक्केचाळीसशे गाड्या. पाच फूट नऊच्या वरचे ड्रायव्हर सहाशे तीस. गणिताने माझी खुंटी धरून रेघ ताणली होती: माणूस जितका उंच, तितका सोशीक. म्हणून जितका उंच, तितकी त्याची जागा जास्त काढून घेतली होती. शिवाय या गाड्या एकमेकींकडून शिकतात. मागे मालक असताना एक ड्रायव्हर गप्प बसला की बाकीच्या चार हजार गाड्यांना कळतं, अजून थोडं काढलं तरी चालतं. आठवड्याला अर्धा मिलिमीटर. कोणाला कळणार? तीन वर्षांत सरासरी सात सेंटिमीटर. दादांच्या गाडीत अकरा.

सोमवारी मी पारसनीस सरांना फोन केला.

"म्हणजे सेन्सर बिघडला होता?" ते म्हणाले.

"नाही सर. सेन्सर बरोबर होता. माणूस दुखणं लपवून बसला होता."

"असं कोणी कशाला करेल?"

"मागे साहेब बसलेत म्हणून."

"हा तुझा तर्क आहे, मोनाली."

मला सांगता आलं असतं, तर्क नाही म्हणून. "हो," मी म्हणाले. पुन्हा एकदा.

"मग सेन्सर सरकला होता असं लिही. पुढच्या अपडेटपासून हळूहळू जागा परत देऊ. दीड-दोन वर्षांत सगळं जिथल्या तिथे. कोणाला कळणारही नाही."

"आणि ज्यांचे खुबे गेले?"

"खुबे वयाने जातात गं," सर म्हणाले. त्यांचा आवाज प्रेमळ होता. "माझ्याही आईचा गेला."

दुसरा मार्ग नवव्या रकान्यातून जात होता. नमुना-व्यक्ती अभ्यास करणाऱ्याच्या नात्यातली निघाली तर तो नमुना बाद, असा आमचा नियम आहे. तो रकाना माणूस वाचत नाही, यंत्रणा वाचते. नमुना बाद झाला की खुंटी निघते, आणि खुंटी निघाली की प्रत्येक गाडी पुढची सीट सुरक्षित मापावर नेते, म्हणजे जास्तीत जास्त मोकळी. सगळ्या ड्रायव्हरांना तपासणीचा निरोप जातो, खर्च कंपनीचा. आणि खोटं निवेदन करणाऱ्याची चौकशी लागते. सेन्सरचं नाव घेतलं तर यासीनभाई आणखी दोन वर्षं तसेच बसणार. एक शब्द लिहिला तर आज उठणार.

चार दिवस मला तो शब्द लिहिता आला नव्हता. नोकरीची भीती होती, नाही असं नाही. पण त्याहून मोठी लाज ही होती, की चार वर्षांपूर्वी मी तिथे काय लिहिलं होतं ते चौकशीत सगळे वाचतील. दादाही.

*

जाई टेप घेऊन स्वयंपाकघरात गेली, फ्रिज मोजायला. मी दादांच्या कॉटपाशी स्टूल ओढून बसले.

"दादा, तेव्हा दुखत होतं ना?"

"तेव्हा म्हणजे?" ते म्हणाले, पण त्यांना कळलं होतं. "ड्युटीवर थोडंफार चालतंच."

"मग हललात का नाही? तुम्ही हलला असतात तर गाडीला कळलं असतं. तेवढंच तर काम होतं तुमचं. नीट न बसणं."

"मागे साहेब होते. साहेब मागे असले की पुढच्याने हलायचं नसतं. आरशात दिसतं त्यांना. वाटतं, ड्रायव्हर कंटाळला." ते पुढे म्हणाले, "आणि काचेपलीकडे तू होतीस. म्हटलं, पोरीने ओळखीचा माणूस म्हणून आणलाय, तिची मान खाली जायला नको."

बाहेर कोणाच्या तरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली. मी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"आणि मी मुलगी म्हणून नेलं असतं तर?"

दादा मनापासून हसले. "तर काय? पहिल्या दहा मिनिटांत ओरडलो असतो, मोने, ही सीट आहे का कोंबड्यांचं खुराडं?"

एवढं साधं होतं ते. दोन शब्द खरे बोलले असते तर रेघ वर-खाली नाचली असती, भिंगरीसारखी. यंत्र चुकलं नव्हतं. त्याच्यापुढे मी माझ्या वडिलांना नोकर करून बसवलं होतं, आणि त्याने एका नोकराचं शरीर मोजलं होतं.

"ते अर्जाचं काय लिहितेस, मला माहीतय," दादा म्हणाले. "अनीशराव बोलले काल. लिहू नकोस. तुझं ऑफिस काय म्हणेल?"

"यासीनभाई लंगडतायत, दादा."

"त्याला मी सांगतो सीट मागे घ्यायला."

"घेता येत नाही. ती गाडी ठरवते."

"मग त्या सेन्सरचं नाव घे की. सेन्सरला काय बायको-पोरं आहेत?"

मला हसू आलं, आणि त्याचीही लाज वाटली. त्यांनी हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला. तो हात कॉटवरूनसुद्धा माझ्या डोक्यापर्यंत पोचतो. लहानपणी तो गर्दीत माझ्यावर छत्रीसारखा असायचा. मी हरवले की आईला फक्त दादांचं डोकं शोधावं लागायचं.

मी उठले आणि लॅपटॉपपाशी गेले. नवव्या रकान्यात लिहिलं: 'वडील'.

यंत्रणेने विचारलं, आधीच्या निवेदनात 'परिचित' अशी नोंद आहे. आताची नोंद खरी आहे का?

मी 'हो'वर बोट टेकवलं. अर्ज गेला.

पाऊण तासाने दादांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला. त्यांना तसंच बोलायची सवय आहे.

"मामा, ऐकताय का?" यासीनभाईंचा आवाज चढलेला. "गाडी उभी होती. शेठ वर मीटिंगला. मी आत बसलेलो, आणि सीट आपोआप मागे निघाली. हळूहळू. कोणीतरी श्वास सोडावा तशी. मी पाय लांब केले मामा. अख्खे. मोबाइलवर निरोपपण आलाय, तपासणीला या म्हणून. तुमच्या मॅडमनी केलं का हे?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, सांगा म्हणून.

"यासीन," ते म्हणाले, "ती मॅडम म्हणजे आमची मोनी."

मग यासीनभाई म्हणाले, "म्हणजे बँकेत नाही?"

दादा इतके हसले की गुडघ्यांमधली उशी खाली पडली. मी ती उचलून नीट लावली, चादर सारखी केली. चार वर्षांत पहिल्यांदा मला श्वास पुरा घेता आला असं वाटलं. क्षणभरच.

आतल्या खोलीतून दादांचा आवाज आला. दादा तर इथे, माझ्यासमोर.

मी आत गेले. जाई माझ्या खुर्चीवर चढून बसली होती. अर्जाला जोडलेला चाचणीचा व्हिडिओ तिने बोट लागून सुरू केला होता. टेप तिच्या मांडीवर, पट्टी अर्धी बाहेर. स्क्रीनवर पांढऱ्या गणवेशातला उंच माणूस, गुडघे स्टिअरिंगला टेकलेले.

"आई, हे आबा आहेत."

"हो."

"आबांना दुखतंय."

"कशावरून गं?"

तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. "अंगठा लपवलाय बघ. नर्स मावशी पट्टी बदलायला येतात तेव्हा लपवतात तसा."

तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. इतके दिवस ती नुसती त्यांच्याजवळ बसली होती.

"मग सीट मोठी का नाही झाली?"

मी तिला सोपं करून सांगितलं. की गाडीला फक्त हललेलं कळतं. आबा हलले नाहीत, म्हणून तिला वाटलं, आबा मजेत आहेत.

"तिला अंगठा दिसला नाही?"

"नाही. तिला तसं बघता येत नाही."

व्हिडिओत दादा काचेकडे तोंड करून म्हणाले, "ठीक आहे मॅडम, चालू राहू दे." आणि काचेच्या या बाजूने एका बाईचा आवाज आला, स्वच्छ, नीटस, ऑफिसातला. "थँक यू, काका."

जाईने मान वळवली. तो आवाज तिने ओळखला होता. रोज रात्री तिला गोष्ट सांगतो तोच तो.

"आई, तू तिथेच होतीस?"

"हो."

टेप तिच्या मांडीवरून सरकली आणि खर्रर्र करत डबीत गेली. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"मग तुला दिसला होता अंगठा?"